खटक्यावरचं बोट

लिफ्टकाका टेबल सोडणार हे कळलं तेव्हा मी तोंडाने "अरेरे" म्हटलं आणि मनात म्हटलं, आता ते टेबल माझं. खोटं कशाला बोलू?

आमचा क्लब फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात आहे. वर सोफे विकतात, खाली आम्ही चांगली घोड्याएवढी माणसं खेळण्यातल्या गाड्या पळवतो. 'खेळण्यातल्या' असं मी म्हटलेलं चालतं; दुसऱ्या कोणी म्हटलं तर मी त्याला सोडत नाही. तळहाताएवढी गाडी. लाकडी ट्रॅकमध्ये सहा खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी आणि पट्टीत वीज. गाडीच्या नाकाखाली एक पातं असतं, ते खाचेत बसतं. आपल्या हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर, त्याला एक खटका. दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. बाकी काही नाही, सगळं त्या एका बोटात. वळणावर जास्त दाबलंत की गाडी खाचेतून उडालीच, आणि वळणावर उभा असलेला माणूस ती उचलून परत ठेवेपर्यंत तुमची बोंब.

पण बोट नंतर. आधी गाडी तयार करावी लागते, आणि माझा जीव आहे तो त्यात. टायर वरवर गोल दिसतात, असतात वेडेवाकडे. ते पॉलिश पेपरवर फिरवून घासायचे. पात्याला पट्टीतली वीज गाडीत घेणारी तांब्याची जाळी असते, तिला काजळी धरते, ती टूथब्रशने काढायची. आसावर सुईच्या टोकाने तेल द्यायचं, जास्त झालं तर टायरला लागतं आणि गाडी साबणावर चालल्यासारखी चालते. मी कवळ्या बनवते, दातांच्या. दिवसभर लोकांच्या तोंडात नीट बसेल असं काहीतरी घासत असते, त्यामुळे घासण्यात माझा हात धरणारं क्लबात कोणी नाही. हे मी नाही म्हणत, सगळे म्हणतात. बरं, मीही म्हणते.

लिफ्टकाका म्हणजे क्लबाचे तयारीवाले. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून हे नाव. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, जे नवे येतात, त्यांच्यासाठी क्लबाच्या गाड्या आहेत आणि त्या काका सांभाळतात. कोपऱ्यात त्यांचं टेबल आहे: वर खालीवर होणारा दिवा, वस्तू घट्ट पकडून ठेवायला चिमुकला शेगडा, गाडीचा तळ सपाट आहे का बघायला जाड काच, आणि किल्ली लावता येईल असे कप्पे. कप्पे! घरी माझा कारखाना जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर. पानं घ्यायची वेळ झाली की कारखाना उठतो. एकदा स्क्रू आमटीत सापडला तेव्हापासून नवऱ्याने वाटी हलवून बघायची सवय लावून घेतली आहे, आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत.

तर काका लेकीकडे राहायला चालले होते आणि किल्ली कोणाला तरी द्यायची होती. मागणाऱ्या दोघी. एक मी. दुसरी चिमणी, माझी नणंद.

चिमणी हे तिचं लहानपणचं नाव. आता ती माझ्याहून हातभर उंच आहे, चष्म्याच्या दुकानात काचा बसवते आणि क्लबात तीच मला गाठते, दुसरं कोणी नाही. आमचं भांडण कधी नसतं, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी एकमेकींना फोनही नसतो. तिला या नादाला मीच लावलं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या घरात शत्रू आणला, दुसरं काय.

काकांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. एकेक सारखीच गाडी दिली. तोच तळ, तीच मोटर, तेच टायर.

"तयार करून आणा," म्हणाले. "एकच खाच, दोघींना सारखाच वेळ, वेळ संपला की वीज बंद. जिची गाडी पुढे जाईल तिची किल्ली."

"एवढंच?" मी म्हटलं.

"चालवायची मात्र तुम्ही नाही. हे टेबल दुसऱ्याच्या हातासाठी आहे. दोन्ही गाड्या एकच माणूस चालवेल."

"कोण?"

काका गालातल्या गालात हसले. "तुझा नवरा. हिचा दादा. कोणाच्या बाजूने झुकायची सोयच नाही बिचाऱ्याला."

मी कपाळाला हात लावला. माझा नवरा पाववाला. स्वतःची भट्टी आहे, हात हे असे, उशीएवढे. पहाटे कणकेच्या गोळ्याला बुक्के मारतो आणि दिवसभर त्याच हातांनी जगाशी वागतो. दार लावायचं तर आदळतं, पेनाचं टोक मोडतं. क्लबात तो एकदाच आला होता, खटका असा दाबला की गाडी पहिल्याच वळणावरून उडून कोणाच्या तरी चहात. पुन्हा फिरकला नाही. आणि कुठे पाव दिसला की बोटाने दाबून बघायची खोड. लोकांच्या घरी, हॉटेलात, कुठेही. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण घरी जाता जाता माझी कळी खुलली. म्हटलं, वा! हा तर घरचाच पेपर. त्याचा हात माझ्याइतका कोण ओळखतो? चिमणी बहीण असली तरी तिला तो लहानपणी भोवरे फिरवणारा दादा आठवणार. संसार मी केलाय.

मी गाडी त्याच्या हाताला शोभेल अशी बनवायला घेतली. पूर्ण दाबून धरणारा माणूस, मग पूर्ण दाबून धरलं तरी उडणार नाही अशी गाडी हवी. मोटरच्या टोकाला जे इवलंसं दातेरी चाक असतं, ते मी एका दात्याने लहान घातलं, म्हणजे गाडीचा सगळ्यात जास्त वेगच कमी. तळाला दोन्ही बाजूंनी शिशाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, काचेवर ठेवून समतोल बघितला, पुन्हा काढल्या, पुन्हा चिकटवल्या. वरचं कवच स्क्रूंवर किंचित सैल ठेवलं, म्हणजे वळणावर हादरा तळाला बसत नाही. टायर असे घासले की फिरताना पाहिले तर थांबलेत असं वाटावं. क्लबात मी स्वतः ती खटका दाबून धरून सगळा ट्रॅक फिरवली. एकदाही उडाली नाही. मला इतका आनंद झाला की मी तिचा मुका घेतला.

त्याच दिवसांत नवऱ्याला भट्टीवरून यायला उशीर व्हायला लागला. "गिऱ्हाईक होतं," म्हणायचा. मी कसली विचारते! मी शिशात बुडालेली. एकदा जेवताना बघितलं तर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, आतल्या बाजूने, फोड.

"चटका बसला का भट्टीचा?"

"हं," तो म्हणाला.

"बघून काम करावं जरा माणसाने," असं म्हणून मी त्याच्या बोटाला मलम लावलं, फुंकर घातली आणि पुन्हा माझ्या पट्ट्यांकडे वळले. तो थोडा वेळ तसाच बोट पुढे करून बसला होता. मला वाटलं, मलम वाळवतोय.

शर्यतीच्या दुपारी सगळा क्लब गोळा झाला. चिमणी नटून आली होती, जणू किल्ली घ्यायलाच. मीही नवी साडी नेसले होते, ते सोडा.

पहिली माझी गाडी निघाली. ज्याची गाडी पळत नसेल त्याने वळणावर उभं राहून दुसऱ्याची उडालेली गाडी उचलून ठेवायची, हा आमच्याकडे पहिल्यापासूनचा नियम. म्हणून चिमणी सगळ्यात अवघड वळणावर उभी राहिली, आणि मी काकांच्या शेजारी, फेऱ्या मोजणाऱ्या आकड्यांसमोर.

गाडी सुटली. सरळ रस्त्यावर छान पळाली आणि वळण यायच्या आधीच हळू झाली. मला कळेना. पुढच्या वळणालाही तेच. जी गाडी मी दाबून धरण्यासाठी बनवली, तिला हा माणूस काचेचं भांडं नेल्यासारखा नेत होता.

"अहो, दाबा की!" मी ओरडले. "दाबा! काही होत नाही तिला!"

त्याने दचकून माझ्याकडे बघितलं आणि आणखीनच हळू केली.

"बाहेरून बोलायचं नाही," काका म्हणाले.

"मी बाहेरची आहे का? बायको आहे त्याची!"

"इथे बाहेरची."

गाडी एकदाही उडाली नाही, पण सरळ रस्त्यावर तिच्यात पळायला दमच नव्हता, तो मीच काढून घेतला होता. वीज बंद झाली तेव्हा ती थांबली तिथे काकांनी खडूने रेघ ओढली आणि फेऱ्यांचा आकडा वाचला. फार वाईट नव्हता. मनात म्हटलं, चिमणीने वेगाची गाडी केली असणार, ती याच्या हातात वळणावळणाला उडणार. काही हरकत नाही.

मग चिमणीची गाडी आणि वळणावर मी.

वळणावरून चालवणारा माणूस समोर दिसतो. माझा नवरा समोर उभा होता, कंट्रोलर पोटाशी धरून, जीभ दातांत. गाडी सुसाट आली. मी दोन्ही हात पुढे करून तयार. आणि वळणाच्या अगदी तोंडाशी त्याचं बोट उचललं गेलं. एकदम नाही. सावकाश, जेवढं हवं तेवढंच. गाडीने वळण घेतलं, मागचं टोक जरासं झुललं आणि बोट पुन्हा आत गेलं. मी बघतच राहिले. हा माणूस? हा, ज्याच्या हाताने पेनं मोडतात? पुढच्या फेरीला मी गाडीकडे बघितलंच नाही, त्याच्या बोटाकडे बघितलं. फोड आला होता ते हेच बोट, आणि तो चटका भट्टीचा नव्हताच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शिकला होता! मला न सांगता शिकला होता!

आणि नेमकी तेव्हाच गाडी उडाली. त्या एकाच वेळी. कदाचित मी डोळे वटारून बघत होते म्हणूनही असेल. गाडी माझ्या समोर उलटी पडली, चाकं भणाणत होती. त्या क्षणी काय करायचं हे मला विचारायला हवं होतं, पण माझ्या हाताने मला विचारलंच नाही. इतक्या वर्षांची सवय. पातं खाचेत, टिचकी, सोडली. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी गेलीसुद्धा. ती गेल्यावर मला आठवलं की ती कोणाची होती.

वीज बंद झाली. फेऱ्या तितक्याच. काका वाकले, खडूची रेघ बघितली, गाडी बघितली. चिमणीची गाडी माझ्या रेघेच्या वीतभर पुढे उभी होती.

वीतभर! हरायचं तर दणदणीत तरी हरावं.

काकांनी किल्ली चिमणीच्या हातावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि मग "आलेच" म्हणून जिना चढून वर गेले. वर सोफे मांडलेले. एका हिरव्या सोफ्यावर बसले आणि मला रडू आलं. ते टेबल मला हवं होतं हो. कप्प्यांसकट हवं होतं. मी त्या कप्प्यांत काय काय ठेवायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

नवरा मागोमाग आला, शेजारी बसला. सोफा त्याच्या बाजूने खचला आणि मी घरंगळून त्याच्या खांद्याला टेकले, त्यामुळे रागाने लांब बसायची सोयही राहिली नाही.

"कोणी सांगितलं होतं शिकायला?" मी म्हटलं.

"तू हरशील माझ्यामुळे, असं वाटलं," तो म्हणाला. "मागच्या वेळी चहात पाडली होती ना मी. काकांना म्हटलं, भट्टी आटपून येत जाईन, मला शिकवा, पण तिला सांगू नका."

"आणि तुमच्या बहिणीला कसं कळलं?"

"तिने विचारलं. म्हणाली, दादा, जरा येऊन खटका दाबून दाखव. दाखवला. तीन-चारदा बोलावलं तिने, दर वेळी गाडीत काहीतरी बदलायची."

काकांची ती पद्धत मला पाठ होती. टेबलाशेजारच्या खिळ्यावर तार कापलेला एक कंट्रोलर लटकतो. कोणासाठीही गाडी करायची असली की काका आधी तो त्याच्या हातात देतात, "दाब बघू," म्हणतात आणि नुसतं बोटाकडे बघत बसतात. मी त्यावरून त्यांची चेष्टा करायचे, नाडी बघताय का म्हणून. चिमणीने ती नाडी बघितली. मी मलम लावलं.

"मला का नाही दाखवलंत?"

"तू बोलावशील म्हणून वाट बघत होतो," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज म्हणेल. त्या दिवशी फोड बघितलास तेव्हा तर वाटलं, आता कळलंच हिला. तू विचारलंच नाहीस."

एवढ्यात दुकानातली मुलगी हसतमुखाने पुढे आली. "ताई, याच्यापेक्षा मऊ दाखवू का? की कडक बघताय?"

"कडक," मी नाक पुसत म्हटलं. "मऊवरच बसलेय."

ती गोंधळून दुसरा सोफा दाखवायला गेली. नवऱ्याने मात्र गिऱ्हाईक असल्याचं मनावर घेतलं. सोफ्याच्या हाताच्या टेकूवर त्याने एक बोट टेकवलं आणि दाबलं. पाव दाबतो तसं. बोट हळूच आत गेलं, एका ठिकाणी थांबलं, आतलं काहीतरी ऐकल्यासारखं, आणि तितक्याच हळू वर आलं.

मी ते बोट बघत होते. आमच्या लग्नापासून हा माणूस रोज असाच पाव दाबून, आत शिजलाय का ते त्या एका बोटाने ओळखत आला आहे. आणि मी तो पाव खाऊन म्हणते, याचे हात जड. मी बुक्के बघितले होते. बोट बघायला मला सोफ्याच्या दुकानात यावं लागलं, तेही हरून.

"पुन्हा दाबा," मी म्हटलं.

"काय?"

"टेकू. दाबा पुन्हा."

त्याने दाबला. मला हसू यायला लागलं, रडू थांबलं नव्हतं तरी. तो घाबरला. "बरी आहेस ना?"

"चला खाली," मी म्हटलं.

खाली चिमणी टेबलाशी बसली होती, दिवा खालीवर करत. मला बघून उभी राहिली. "वहिनी," म्हणाली, "गाडी उडाली ना, तिथे मी संपले होते. दुसरं कोणी उभं असतं तर अर्धी फेरी गेली असती माझी. तू ती कशी ठेवलीस गं इतकी पटकन?"

"चुकून," मी म्हटलं.

"खरंच?"

"तुझी आहे हे लक्षात असतं तर आधी पुसून घेतली असती, तेल घातलं असतं, आणि मग ठेवली असती."

ती हसली, मग गळ्यातच पडली. तिची हनुवटी माझ्या डोक्यावर येते, ते मला मुळीच आवडत नाही. वरून म्हणाली, "टायर घासायला येशील ना? माझे चौकोनी होतात."

"कप्पा दिलास तर," मी म्हटलं.

"एक."

"खालचा मोठा."

"बघू," म्हणाली नणंदबाई. किल्ली हातात आल्याला अजून घटका झाली नव्हती. काका एका बाजूला उभे राहून आपला चष्मा पुसत होते, कितीतरी वेळ.

क्लबाची पुढची शर्यत जोडीची आहे. एकाने गाडी करायची, दुसऱ्याने चालवायची. मी चिमणीच्या खांद्यावरून हात घातला, खिळ्यावरचा तार कापलेला कंट्रोलर काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. तो त्या मेलेल्या तारेकडे बघायला लागला.

"याला तर वीज नाही," तो म्हणाला.

"नको आहे," मी म्हटलं. स्टूल ओढलं, त्याच्या समोर बसले आणि दिवा त्याच्या हातावर वळवला. "हं. दाबा बघू."